रंग काढून मिळेल

आमच्या फाटकावर पत्र्याची पाटी होती. वरच्या ओळीत 'जुनी दारे, खिडक्या, चौकटी' आणि खाली लाल अक्षरांत 'रंग काढून मिळेल'. खालची ओळ मी मागाहून लिहून घेतली. ती लिहून झाली त्या दिवशी मला वाटलं होतं, आता आपल्याला धंदा कळला. हे सगळं लिहिते आहे ते त्या एका ओळीपायी.

लिहायला लावलं पुण्याच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी. "शमीमताई, तुम्ही बोलता तसंच लिहा. तुमच्यासारखं काम करणारं कुणीतरी वाचेल." मी दहावीपर्यंत शिकले. ग्रामपंचायतीला दिलेले तक्रारअर्ज सोडले तर त्यानंतर मी काही लिहिलेलं नाही. तेव्हा हेही कुठेकुठे तक्रारअर्जासारखं वाटलं तर माझा इलाज नाही. तक्रार आहेच.

दारं

कापूरहोळला हायवे सोडून भोरचा रस्ता फुटतो. तिथले ढाबे आणि गॅरेजं संपली की मागे आमचं आवार. पुढे मोकळी जागा आणि शेड, मागे दोन खोल्या. खोल्यांत आम्ही तिघं राहायचो: मी, आमचा टेम्पो चालवणारे माझे पती इकबाल, आणि तेव्हा चौथं लागलेली आमची नाझिया.

मोबाईलवर आलेल्या फोनलाही पैसे पडायचे, त्या दिवसांतली गोष्ट. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात धरणाचं पाणी येणार म्हणून गावं उठत होती. माणसं गुरं, भांडीकुंडी आणि निघतील तेवढी सागवानी दारं घेऊन खाली उतरत. नव्या जागी त्या दारांना भिंती नसत. मग दारं माझ्याकडे येत. घर सोडणाऱ्या माणसाशी भावासाठी घासाघीस करणं सोपं नसतं, पण मी करायचे. तो घाईत असतो, मी नसते. कुणाच्या मदतीशिवाय एका चौकटीवर सुरू केलेला धंदा मी असाच वाढवला होता.

आवारात साठसत्तर दारं उभी असायची. हिरवी, निळी, पिवळी, एकमेकांना टेकलेली, आणि एकाच्याही मागे घर नाही. कुणावर लग्नातली हळदीची बोटं, कुणावर हिवताप खात्याच्या माणसाने गेरूने लिहिलेले आकडे. नवा माणूस आवारात आला की आवाज खाली करायचा. मला त्याचं हसू यायचं.

एका दुपारी एक म्हातारबाबा आले. त्यांचं हिरवं दार मी महिन्यापूर्वी घेतलं होतं. मी आधीच सांगून टाकलं, "बाबा, परत न्यायला आला असाल तर भाव बदललाय."

"न्हाई पोरी. निस्तं बघून जातो."

ते दारापाशी गेले. कडी दोनदा वाजवली आणि उभे राहिले. आतून कुणी येणार असल्यासारखे. मग वळले आणि रस्त्याला लागले.

नाझिया हे बघत होती. तेव्हापासून तिला तो खेळ मिळाला. एकेका दारापाशी जायची, कडी दोनदा वाजवायची, फळीला कान लावायचा आणि विचारायचं, "कोन हाय आत?" मग गप्प थांबायची, उत्तर यायला लागतं तेवढा वेळ.

साहेब

वेल्ह्याकडे, किल्ला दिसेल अशा जागी एका साहेबांच्या बंगल्याचं बांधकाम चाललं होतं. बरीच वर्षं परदेशात राहून आलेला माणूस. मे महिन्याच्या उन्हात ते फाटकाबाहेर नाकाला रुमाल लावून उभे राहिले. गाडीत दोन मुलं, काचा बंद.

"ती आठ दारं मला द्या. पण रंग इथेच काढायचा. माझ्या साइटवर नाही."

"साहेब, तुमचे सुतार काढतील की. इथं घासून नेली तर वाटेत चरे पडतील."

"पडू देत. रंगाचा कणही माझ्या जागेत यायला नको. धुऊन, पुसून पाठवा."

याला गरज आहे, हे मी ओळखलं. "मग दर वेगळा पडेल."

"सांगा."

मी तोंडाला येईल तो आकडा सांगितला. ते हो म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्याशी घासाघीस केली नव्हती. शंका तिथेच यायला हवी होती. मला आनंद झाला.

गाडी गेल्यावर हौसाबाई हसायला लागली. कामथडीची बाई, माझ्याकडे घासकामाला. "भाभी, साह्यबाला आपला वास येतुय जनू."

"येऊ दे. वासाचेही पैसे लावलेत."

दोघी खूप हसलो. त्याच आठवड्यात मी पाटीवरची दुसरी ओळ लिहून घेतली.

राख

काही वाया घालवायचं नाही, हा माझा नियम. खिळे वेगळे, बिजागऱ्या वेगळ्या. ब्लोलॅम्पच्या ज्वाळेच्या आचेने रंग फुगायचा, हौसाबाई पोलादी पट्टीने तो सोलायची. रंगासोबत लाकडाच्या बारीक ढलप्या निघत. त्या मी टोपलीत भरून मागे न्यायचे. त्यांवर आमच्या आंघोळीच्या पाण्याचा बंब तापायचा. रंग लागलेली ढलपी चटकन पेटते. बंबातली राख चाळून मी डब्यात ठेवायचे, आणि त्या राखेने भांडी घासायचे. ताटं, तांबे, नाझियाची दुधाची वाटी. राख मऊ होती, अंगाला किंचित पिवळसर. तिने भांडी अशी निघायची की शेजारणी विचारायच्या, काय लावतेस? हौसाबाई संध्याकाळी जाताना एक पुडी मागून न्यायची. मी द्यायचे. राखेचे काय पैसे घ्यायचे?

तोंडाची चव

पहिल्यांदा माझ्या तोंडाची चव बदलली. गंजलेली कडी चोखल्यासारखी. मग पोटात पीळ सुरू झाला. भोरच्या दवाखान्यात आधी पित्ताच्या गोळ्या मिळाल्या, मग जंताच्या. झोप उडाली. राग वाढला. राग हेही या आजाराचं लक्षण असतं म्हणे, पण माझ्या बाबतीत ते कुणाच्या लक्षात यायला मार्ग नव्हता.

सौदा ठरला की समोरच्याच्या हातावर हात मारायची माझी सवय. एका गिऱ्हाइकापुढे मी हात केला आणि मनगट खाली लोंबलं. उचलेना. तो हसला. मला वाटलं हा सौदा मोडतोय, मी त्याला फाटकाबाहेर काढलं. हात माझा पडला होता आणि ओरडले मी त्याच्यावर.

त्याच सुमाराला नाझियाचे शब्द जायला लागले. पोर बोबडं बोलणं वेगळं आणि आलेला शब्द जाणं वेगळं. आधी 'टेम्पो' गेला. टेम्पो आला की ती नुसतं बोट करायची. मग 'चिमणी' गेली, मग 'पाणी'. एकदा जुनी सतरंजी उसवताना मी बघितली होती, एकेक धागा सुटत जातो आणि नक्षी जाग्यावर दिसत राहते. तसं वाटायचं. चेहरा तोच, आतलं कमी होत चाललेलं.

कड्या वाजवणं मात्र थांबलं नाही. 'कोन हाय आत' विचारणं बंद झालं, आता ती नुसता कान लावायची. आणि एके दिवशी मी तिला मान हलवताना पाहिलं. सावकाश, दोनदा. कुणी काही सांगितल्यावर आपण 'बरं' म्हणतो तशी. मी धावत जाऊन तिला ओढलं. तिच्या ओठाच्या कडेला हिरवा कण चिकटलेला होता. दाराला पोपडे आलेले, ती ते खात होती. मी पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही. "गोड," म्हणाली. पुढे कितीतरी दिवस तिच्याकडे तेवढाच एक शब्द उरला होता.

मग मलाही कडी ऐकू यायला लागली. भर दुपारी पोट धरून पडलेली असताना, बाहेर दोनदा. उठून जाऊन बघायचे: वारा नाही, माणूस नाही, नाझिया माझ्याच शेजारी झोपलेली. एकदा मी दारांच्या त्या गर्दीकडे बघून ओरडले, "कोण आहे?" ओरडल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली, की आता उत्तर येईल. पुढे डॉक्टरबाई म्हणाल्या, आजारात असे भास होतात, शिवाय पत्रे उन्हाने ताणले की वाजतात. मी दोन्ही कारणं ऐकून घेतली.

धूर

शेजारीपाजारी बोलायला लागले होते. बुडालेल्या गावांची दारं आहेत, रिकामी कशी येतील? इकबालना ते पटलं. वेल्ह्याच्या बाजूला एक जाणता म्हातारा होता, त्याच्याकडे आम्ही पोरीला नेलं. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, तिच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या.

"दारांतनं आलंय," तो म्हणाला. "जे दार आल्यापास्नं पोरीला छंद लागला, ते जाळा. पोरीला धुरातनं काढा."

"अख्खं सागवानी दार?" मी विचारलं. "अर्धं जाळून चालणार नाही?"

इकबाल उठून टेम्पो चालू करायला गेले.

आम्ही त्या म्हातारबाबांचं हिरवं दार आवारात आडवं पाडलं आणि पेटवलं. धूर वर गेला नाही. पिवळट धूर जमिनीलगत पसरत आमच्या पायांपर्यंत आला. इकबालनी नाझियाला उचलून त्यातून तीन फेऱ्या मारल्या. ती खोकत होती. मी शेजारी उभी राहून 'अजून एक, अजून एक' म्हणत होते.

तो म्हातारा खोटं बोलला नव्हता. दारांतूनच आलं होतं. फक्त जाळलं की ते जातं, असं त्याला वाटत होतं. आम्हालाही.

दोन दिवसांनी तिला झटका आला. डोळे वर, दातखीळ, अंग धनुष्यासारखं वाकलेलं. टेम्पोत मी तिला मांडीवर घेतलं होतं आणि माझं मनगट तिचं डोकं धरू शकत नव्हतं.

खिडकीपाशी धरलेला फोटो

पुण्यातलं मोठं सरकारी हॉस्पिटल, लहान मुलांचा वॉर्ड. झटका आवरल्यावर डॉक्टरबाईंनी नाझियाला तपासलं आणि मग माझ्याकडे वळल्या. "तोंड उघडा." माझ्या हिरड्यांवर, दातांच्या मुळाशी निळसर रेघ होती. त्यांनी विचारलं, "काम काय करता तुम्ही?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

पोटाचा एक्सरे त्यांनी खिडकीपाशी उजेडात धरला. माझ्या पोरीचं पोट त्यात धुक्यासारखं दिसत होतं आणि धुक्यात पांढरे, लखलखीत ठिपके विखुरलेले.

"हे काय?" मी विचारलं.

"रंग. जुन्या तेलरंगाचे तुकडे. त्यात शिसं असतं, म्हणून फोटोत चमकतं."

गुडघ्याच्या फोटोत हाडांच्या टोकांना तशाच पांढऱ्या रेघा होत्या. शिसं हाडात घर करून राहतं, त्या म्हणाल्या. राखेचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "भांडी? त्या राखेने?" मला भीती वाटली ती तिथे. त्यांचा आवाज खाली गेला होता, आमच्या आवारात नवा माणूस आला की जायचा तसा.

वॉर्ड

रक्त तपासायला बाहेरगावी जायचं, त्यातल्या शिशाचा आकडा यायला दिवस लागायचे. तोपर्यंत इंजेक्शनं. लघवीचा थेंबन् थेंब बाटलीत जमा करायचा, त्यावर नाव लिहायचं. मला कॅप्सूल होत्या, सडक्या अंड्यासारख्या वासाच्या. तोच वास घामाला यायचा.

सगळंच वाईट नव्हतं. एक सिस्टर नाझियाच्या हाताला सलाइनची पट्टी बांधून वर कापसाचा ससा करून द्यायच्या. शेजारच्या खाटेवरची बाई माझा हात चालत नाही बघून, न विचारता माझी वेणी घालून द्यायची. मी तिच्याशी पहिल्याच दिवशी पंख्यावरून भांडले होते.

एका सकाळी आयाबाई म्हणाल्या, "तुमची पोरगी सारखी जाऊन दाराशी उभी राहती हो. कान लावून." मी बघितलं. वॉर्डच्या पांढऱ्या दाराला कान लावून नाझिया उभी होती. पलीकडे जिना होता. मी तिला उचलून आणलं, आणि येताना क्षणभर थांबून मीही ऐकलं.

सर्टिफिकेट

आकडा आला, फार वाईट. औषधाने उतरेल, डॉक्टरबाई म्हणाल्या, पण एक अट. "घर साफ झाल्याशिवाय हिला तिथे नेऊ नका. आम्ही एका बाजूने काढणार आणि घर दुसऱ्या बाजूने भरणार. पुन्हा झटका आला तर गेलेले शब्द येतील की नाही, मी सांगू शकत नाही."

"मग साफ करून घेते. कुणाकडून करायचं?"

त्या थोड्या हसल्या. त्यांची बहीण परदेशात राहायची. तिच्या घराच्या खिडक्यांचा जुना रंग काढायचा होता, तेव्हा सगळ्यांना घर सोडावं लागलं होतं. "तिकडे कुणीही पट्टी घेऊन सुरू होत नाही, शमीमताई. आधी वर्ग, मग परीक्षा, मग सर्टिफिकेट. मजुराचं वेगळं, मुकादमाचं वेगळं. त्याला मुदत असते, संपली की पुन्हा शिकायचं. मुलं आणि गरोदर बाया बाहेर. जमिनीवर प्लास्टिक. रंग कोरडा घासायचा नाही, ओला करून. उघड्या आगीने तर मुळीच नाही. कामाचे कपडे घरात आणायचे नाहीत. शेवटी तिसराच माणूस येतो, कामाशी संबंध नसलेला. खिडकीतली धूळ ओल्या फडक्याने टिपून तपासायला पाठवतो. कागद आल्यावर कुलूप उघडायचं."

मी ऐकत होते, आणि प्रत्येक नियमाला मनातल्या मनात 'मोडलं' म्हणत होते. आग, मोडलं. कोरडं, मोडलं. कपडे, मोडलं.

मग माझं डोकं फिरलं. माझ्याकडे कागद थोडे होते का? दुकानाचा परवाना, ग्रामपंचायतीचा दाखला, काट्यावरचा शिक्का, टेम्पोचं पासिंग. सागवानाची एक फळी डोंगरातून आणायची तर वनखात्याचा पास लागतो. नाक्यावरचा माणूस ताडपत्री वर करून फळ्या मोजतो. लाकूड कुठून आलं हे सगळ्यांना हवं होतं. त्याच्यावर काय लावलंय, हे एकानेही विचारलं नाही. मी हे वॉर्डात इतक्या मोठ्याने बोलले की सिस्टर धावत आल्या.

त्याच संध्याकाळी बूथवरून मी रंगकामाच्या कंत्राटदारांना फोन लावले. एक म्हणाला, "करू की. दोन माणसं पाठवतो, घासून चकाचक."

"सर्टिफिकेट आहे?"

"रंगाला कसलं सर्टिफिकेट, ताई?" तो खो खो हसला. मी फोन ठेवला. महिन्यापूर्वी मीही असंच हसले असते.

शेवटी आम्हीच केलं. नाझियाला भोरला माझ्या बहिणीकडे ठेवलं. डॉक्टरबाईंनी मराठीत लिहून दिलेला कागद इकबाल मोठ्याने वाचायचे आणि आम्ही तसं करायचो. झाडू बंद. भिंत, जमीन, पत्रा, सगळं ओल्या फडक्याने, पुन्हा ओल्या फडक्याने. बंबाच्या कोपऱ्याची वरची माती काढून पिंपात बंद केली. भांडी बदलली. माझ्या एका हाताने आणि त्यांच्या दोन हातांनी. हौसाबाईला मी निरोप दिला, काम बंद आहे. का बंद आहे, ते सांगितलं नाही.

डबा

घर धुताना तो राखेचा डबा हाती लागला. मी तो पिशवीत घातला आणि इकबालना टेम्पो वेल्ह्याकडे घ्यायला लावला.

साहेबांच्या बंगल्यात माझी आठ दारं बसली होती. घासलेली, तेल पाजलेली, सुंदर. त्यांची दोन्ही मुलं त्या दारांतून आतबाहेर पळत होती.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

साहेबांना काय ते लगेच कळलं. "मी तुम्हाला मागाल तो दर दिला."

"कशाचा, ते नाही सांगितलंत."

"धंदा तुमचा आहे. मला वाटलं, तुम्हाला माहिती असणार. तिकडे सर्टिफिकेट नसलेल्या माणसाला आम्ही दाराला हातही लावू दिला नसता."

"आणि इथं?"

"इथे तसं काही नसतं," ते म्हणाले. तेवढंच.

मी डबा काढून व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवला. "ही तुमच्या दारांची राख."

त्यांनी दोन्ही मुलांना दंडाला धरून मागे ओढलं. मुलं हसत होती, त्यांना खेळ वाटला. माझा हात डब्याच्या झाकणावर होता. झाकण घट्ट होतं आणि मनगटात जोर नव्हता. जोर असता तर मी काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. धाकट्या मुलाची उंची नाझियाएवढी होती. मी डबा उचलला आणि निघाले.

आठ दिवस

टेम्पोत मी साहेबांना शिव्या देत होते. 'मला वाटलं, तुम्हाला माहिती असणार', त्यांचं वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवत होते. तिसऱ्यांदा म्हटलं आणि थांबले. हे वाक्य मी दुसऱ्या कुणासाठी तरी मनात तयार करून ठेवलेलं होतं.

लिहायला सगळ्यात जड गेलं ते हे. निदान झालं तेव्हा एका ऑर्डरची काही दारं घासायची राहिली होती. हॉस्पिटलातून मी ढाब्यावर फोन करून निरोप देत होते, हौसाबाईला म्हणावं काम चालू ठेव. हॉस्पिटलचा खर्च भागवायचा होता, ऑर्डर जाऊ द्यायची नव्हती, आणि तिला कळलं तर ती काय मागेल याची भीती होती. आठ दिवस मला माहीत होतं आणि तिला माहीत नव्हतं. राखेची शेवटची पुडीही तिच्या घरात असणार होती. तिची सून पोटुशी होती.

"कामथडीला घ्या," मी इकबालना म्हणाले.

हौसाबाई ओट्यावर भांडी घासत बसली होती. माझ्याच राखेने. मी तिच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि सगळं सांगितलं. तिने हात धुतले, पदराला पुसायला गेली आणि थांबली. हात तसेच ओले, समोर धरून बसली.

"किती दिस ठावं व्हतं तुमास्नी?"

आकडा खाली-वर करण्यात माझं आयुष्य गेलं. "तू पट्टी चालवत होतीस त्यातले आठ," मी म्हणाले.

ती पुडीकडे बघत राहिली. "तुमी कवा कुनाला काय फुकट देत न्हाई, भाभी. राख दिली. तवाच म्या वळखाया पायजे हुतं."

मी ती पुडी उचलून डब्यासोबत पिशवीत घातली.

तिच्या आणि सुनेच्या रक्ततपासणीच्या रांगेत मी शेजारी बसले. सुनेचा आकडा हौसाबाईएवढा नव्हता. बाळ झालं, ते बरं आहे, आम्ही त्याच्यावर लक्ष ठेवून असतो. हौसाबाईची बोटं अजून थरथरतात. तिच्या औषधाचं मी बघते. उपकार म्हणून नव्हे.

आता

नाझियाचा आकडा सावकाश उतरला. दुसरा झटका आला नाही. शब्द परत आले, गेले त्या क्रमाने नाही. 'पाणी' पहिला आला, बहिणीच्या घरी, भरल्या दुपारी. बहिणीने मला फोनवर ऐकवला आणि मी तो तिला पुन्हापुन्हा म्हणायला लावला. काही शब्द आलेच नाहीत, ते तिला नव्याने शिकवावे लागले. शाळेत आकडेमोडीला ती अडते. माझी पोर, आकड्याला अडते. हाडातलं हाडात आहे, वर्षानुवर्षं राहील, डॉक्टरबाई म्हणतात. माझं मनगट उचलतं, पण सौद्याला मी हात मारत नाही.

जुन्या लाकडाचं काम करणाऱ्यांना एवढंच सांगते. रंगीत लाकूड चुलीत, बंबात घालू नका. रंग कोरडा घासू नका, जाळू नका. कामाचे कपडे बाहेर ठेवा. मूल माती, पोपडे खात असेल तर मारू नका, दवाखान्यात न्या, आणि डॉक्टरने नाही विचारलं तरी आपलं काम काय आहे ते आपण होऊन सांगा. आपल्याकडे या कामाचं सर्टिफिकेट मागणारं कुणी नाही. म्हणून ते आपणच मागायचं, आधी स्वतःकडे.

राहिलेली दारं शेडच्या मागच्या टोकाला प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभी आहेत. विकत नाही, जाळता येत नाहीत, पुरायची तर माती बिघडेल. वारा असला की आत कड्या हलतात. पाटीवरच्या दुसऱ्या ओळीवर मी पत्र्याची पट्टी ठोकली. खरवडली नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक गाडी फाटकाशी थांबली. नवाच माणूस, शहरातला. आत आला नाही. खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि म्हणाला, "जुनी दारं आहेत ना? रंग इथेच काढून मिळेल का? पैशाचं बघू."

हौसाबाई बिजागऱ्या निवडत होती; आता आमचा धंदा तेवढाच, लोखंड आणि बिनरंगाचं लाकूड. मी तिला हाक मारली आणि फाटकाशी आणून त्याच्यासमोर उभी केली.

"पैशाचं मागाहून," मी त्याला म्हणाले. "आधी नाकाला रुमाल कशासाठी लावलाय, ते हिला मोठ्याने सांगा."

त्याने रुमाल खाली घेतला. हौसाबाईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. शेडच्या मागे, प्लास्टिकच्या आत, कुठलीतरी कडी दोनदा वाजली. आणि आम्ही दोघी उत्तर यायला लागतं तेवढा वेळ थांबलो.